हँडहेल्डवर क्लाउड गेम रोज रात्री अडखळतोय? केबलवाल्याला फोन लावायच्या आधी हे करून बघा

लक्षणं आधी सांगतो, तुमची हीच असतील तर पुढं वाचा, नसतील तर वेळ घालवू नका. दुपारी गेम मस्त चालतोय, रात्री साडेआठ-नऊ वाजले की चित्राचे ठोकळे पडायला लागतात, आवाज तुटतो, स्टिक फिरवल्यावर गाडी अर्ध्या सेकंदानं वळते, मग दोन-तीन मिनिटं सगळं ठीक आणि परत तेच. स्पीड टेस्ट मारली की १०० एमबीपीएस, यूट्यूब फोर-केमध्ये पळतंय, घरातले म्हणतात नेटला काय धाड भरलीय, तुझ्या त्या खेळण्यातच खोट आहे. आणि हे एखाद्या दिवशी नाही, रोज.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग भारतात अधिकृत चालू झालं तेव्हापासनं ओळखीतली पोरं हेच विचारायला लागलीत. त्याच्या आधी मे २०२५ मध्ये जीफोर्स नाऊ या दुसऱ्या क्लाउड सर्व्हिसचं स्टीम डेक या हँडहेल्डसाठी, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनसाठी, वेगळं ॲप आलं, ऑक्टोबरात आरओजी एक्सबॉक्स अलाय हा दुसरा हँडहेल्ड बाजारात आला, म्हणजे हातातल्या मशीनमध्ये मोठा जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, नसला तरी चालतंय, गेम लांबच्या सर्व्हरवर चालणार आणि आपल्याकडं फक्त व्हिडिओ येणार. डेक तर कंपनी इथं अधिकृत विकतही नाही, तरी आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत दिसतोय, कुणाचा तरी मावसभाऊ दुबईहून घेऊन येतो. मशीन आलं, सबस्क्रिप्शन घेतलं आणि मग कळतं की घरातलं वायफाय आजपर्यंत फक्त रील्स बघायच्या लायकीचं होतं.

माझं मत सरळ आहे. बहुतेक घरात दोष केबलवाल्याचा नसतो आणि सर्व्हरचाही नसतो, हँडहेल्ड आणि राउटरच्या मधे जी दहा-पंधरा फूट हवा आहे तिच्यात असतो. पण ते स्पीड टेस्टमध्ये कधीच दिसत नाही, म्हणून लोक प्लॅन १०० चा २०० करतात, २०० चा ३०० करतात आणि गेम आहे तिथंच.

का दिसत नाही ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. यूट्यूब पुढचे बरेच सेकंद आधीच उतरवून ठेवतं, मधे नेट एक-दोन सेकंद दचकलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. गेममध्ये ते शक्यच नाही कारण पुढची फ्रेम कशी दिसणार हे तुम्ही आत्ता कुठलं बटन दाबताय त्यावर ठरतं, आधी साठवणार काय? सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. वायफाय २०० मिलिसेकंद अडकलं की १२ फ्रेम गेल्या, तेवढ्यात गोल खाऊन मोकळे. स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंदांची सरासरी काढती, त्यात हा २०० चा झटका विरघळून जातो. आणि एमबीपीएस तसे फार लागतच नाहीत, जीफोर्स नाऊ ७२०पी ला १५ मागतं, १०८०पी ला २५, एक्सबॉक्स २० म्हणतं. १०० चा प्लॅन असेल तर पुरून उरतंय. पाहिजे काय, तर पिंगची रेघ सरळ पाहिजे. पिंग म्हणजे डेटाचं एक छोटं पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात.

मग करायचं काय, तर रस्त्याचे तीन तुकडे करायचे. हँडहेल्ड ते राउटर हा पहिला, राउटर ते केबलवाल्याचं ऑफिस हा दुसरा, तिथनं सर्व्हरपर्यंत तिसरा. प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा, आणि तपासायचा त्रास होत असताना, दुपारी नाही. हे मी ओरडून सांगतो कारण सगळे सकाळी निवांत वेळी टेस्ट मारतात आणि म्हणतात सगळं ओके दिसतंय.

विंडोजवालं मशीन असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग टाईप करा, पुढं डॅश टी आणि मग राउटरचा नंबर, बहुतेक घरात तो १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ असतो. डेक असेल तर डेस्कटॉप मोडला जाऊन कोन्सोल नावाचं कमांड टाईप करायचं ॲप उघडा आणि नुसतं पिंग आणि नंबर टाका, तिथं ते आपोआप चालू राहतं. पाच मिनिटं चालू द्या. मग तसंच ८.८.८.८ ला पाच मिनिटं, हा घराबाहेरच्या गूगलच्या सर्व्हरचा नंबर आहे. हे करताना नेहमी जिथं बसून खेळता तिथंच बसा, राउटरच्या पुढ्यात जाऊन बसलात तर काय उपयोग.

राउटरला पिंग मारल्यावर आकडे २, ३, ५, ४ असे आले पाहिजेत. ३, ४, ११०, ५, ८५, ३, रिक्वेस्ट टाईम्ड आऊट असं काही दिसलं तर विषय तिथंच मिटला, अजून तुमचं पॅकेट घराबाहेरही पडलेलं नाही, केबलवाल्याला शिव्या घालून काय होणार. एक-दोन आकडे उडाले म्हणून घाबरू नका, स्वस्तातले काही डबे पिंगला उत्तर द्यायला आळस करतात, पण झटके सारखे येत असतील आणि गेम अडखळतो त्याच वेळी येत असतील तर खात्री धरा. अजून पक्कं करायचं असेल तर यूएसबी-सीला लॅनचं कनेक्टर किंवा डॉक लावा, केबल थेट राउटरला जोडा आणि त्याच वेळेला तोच गेम खेळा. केबलवर सुरळीत आणि वायफायवर बोंब म्हणजे दोष हवेत आहे, आता शंका नको.

पहिला तुकडा बिघडलेला निघाला तर आधी बघा मशीन २.४ गिगाहर्ट्झवर चिकटलंय का. केबलवाले जो डबा बसवून जातात त्यात दोन्ही बँडला एकच नाव दिलेलं असतं आणि हँडहेल्डला जे दमदार वाटतं ते पकडून बसतं. २.४ लांब पोचतं म्हणून दांड्या फुल दिसतात, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि मंगळवार पेठेत नाहीतर शिवाजी पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, तुमच्या फोनवर वायफायची यादी उघडून बघा, वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. रात्री नऊला ती सगळी घरं टीव्हीसमोर बसलेली असतात. दुपारी चालतं आणि रात्री चालत नाही त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि हँडहेल्डमध्ये जुनं नाव फर्गेट करून टाका, नाहीतर ते गुपचूप परत तिकडं जातं.

५ गिगाहर्ट्झची अडचण अशी की ते भिंतीतनं नीट पार होत नाही. जुन्या घरातल्या दीड-दीड फुटी भिंती किंवा मधे एक स्लॅब आला की संपलं. आणि आमच्याकडं राउटर कुठं असतो? हॉलमध्ये टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेमागं, वर दोन ट्रॉफ्या आणि एक गणपती. तिथनं बाहेर काढून उंचावर उघड्यावर ठेवा, निम्मा फरक तेवढ्यानंच पडतो. खोली लांबच असेल तर लॅन केबल ओढून तिथं दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. भिंतीत खोचायचे ते एक्सटेंडर घेऊ नका, त्यातले बरेच एकाच रेडिओवर ऐकतात आणि त्याच रेडिओवर परत बोलतात, दांड्या वाढतात पण स्पीड निम्म्यावर येतो आणि झटके वाढतात. सहा अँटेनावाला गेमिंग राउटरही आधी नको, दिव्यांची रोषणाई सोडली तर जागा चुकलेली असताना तोही तेच करणार.

आता ब्लूटूथ. हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ब्लूटूथ पण २.४ वरच चालतं, त्यामुळं हँडहेल्ड २.४ च्या वायफायवर आणि कानात ब्लूटूथ इअरबड असं असेल तर एकाच मशीनमध्ये दोघांची भांडणं लागतात. माझ्या आतेभावाचा सगळा त्रास एवढाच होता, इअरबड काढून वायरचा हेडफोन लावला आणि गेम सरळ. वायरचा हेडफोन तसाही बरा, ब्लूटूथचा आवाज नेहमीच मागनं येतो, शॉट आधी दिसतो आणि आवाज नंतर, आणि मग लोक त्यालाही नेट लॅग म्हणतात.

बॅटरी वाचवायच्या नादात मशीन वायफायला मधेमधे झोपवतं, तेही एक कारण आहे. खूण अशी की पिंगमध्ये ठरावीक अंतरानं उड्या दिसतात, बऱ्याचदा चार्जर लावला की कमी होतात. डेकवर सेटिंग्जमध्ये सिस्टिमला जाऊन डेव्हलपर मोड चालू करा, मग खाली डेव्हलपरचा वेगळा भाग दिसतो, तिथं वायफाय पॉवर मॅनेजमेंट बंद करा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथला वीज वाचवायला हे बंद करू द्या वाला टिक काढा. बॅटरी थोडी लवकर उतरंल, पण क्लाउडवर खेळताना मशीन तसंही गार असतं.

आणि एक वेगळीच तऱ्हा, अडखळत नाही पण स्ट्रीम पूर्ण तुटतो, ५ गिगाहर्ट्झचं नावच यादीतनं गायब होतं आणि मिनिटाभरानं परत येतं. असं असेल तर राउटरचा चॅनेल बघा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, राउटरला रडारसारखं काही जाणवलं की नियमाप्रमाणं त्यानं ती जागा सोडायची असते आणि तसल्या नव्या चॅनेलवर बसायच्या आधी मिनिटभर ऐकत बसायचं असतं. ऑटो काढा, ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला एक फिक्स करा, संपला विषय.

राउटरचा पिंग स्वच्छ आणि ८.८.८.८ चा घाण, मग दुसऱ्या तुकड्याकडं या. पण इथंही लगेच फोन उचलू नका. रात्री आठच्या सुमाराला घरात काय होतं? बाबा दुकानातनं आले, ताई ऑफिसमधनं आली, सगळ्यांचे फोन घरच्या वायफायला लागले आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप बॅकअपला चढायला लागले. वर एखादा सीसीटीव्ही क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवतोय. अपलोड भरला की राउटर पॅकेट टाकून देत नाही, रांगेत ठेवत जातो, आणि तुमच्या बटनाचं एवढंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला. हंगामात कसबा बावड्याच्या रस्त्याला ऊसाच्या ट्रॅक्टरांमागं मोटरसायकल घेऊन अडकलाय का कधी, तसंच, गाडी कितीची आहे त्याला अर्थ नाही. याला बफरब्लोट म्हणतात.

तपासायला सोपं आहे, फास्ट डॉट कॉम उघडा, टेस्ट झाली की जास्त माहिती दाखवा वर टिचकी मारा, तिथं लेटन्सीचे दोन आकडे येतात, एक रिकाम्या लाईनीचा, एक भरलेल्या लाईनीचा. ८ आणि २० असेल तर उत्तम. ८ आणि २५० असेल तर सापडला चोर. फुकटातला उपाय म्हणजे फोटो बॅकअप फक्त चार्जिंगला असताना किंवा रात्री उशिरा होईल असं लावायचं, घरच्यांना समजावून सांगा, भांडू नका. पक्का उपाय म्हणजे राउटरमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू नावाचं, ही रांग आवरणारं सेटिंग असेल तर ते चालू करून स्पीड खऱ्या मिळणाऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यावर बांधून टाकायचा. केबलवाल्याच्या डब्यात हे बहुतेक नसतंच, त्यासाठी मागं आपला राउटर लावावा लागतो, ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं फुकट सॉफ्टवेअर चालणारा असला तर त्यात केक नावाचा पर्याय मिळतो आणि तो या कामाला एक नंबर आहे. शंभरातले दहा एमबीपीएस गेले म्हणून जीव हळहळतो लोकांचा, पण रेघ सरळ होती ना भावा, अजून काय पाहिजे.

घरातलं सगळं बंद, एकच मशीन लॅन केबलवर, तरी रोज नऊ ते अकरा ८.८.८.८ चा पिंग उड्या मारतोय, आता मात्र केबलवाला. त्याच्याकडं जायच्या आधी डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधनं येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघून ठेवा. साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मधे पाहिजे, उणे २७ च्या पलीकडं गेलं की अडचण ठरलेली. पिवळी वायर शोकेसच्या मागं दुमडून बसलीय का बघा, फायबरला घट्ट वळण चालत नाही, नुसती सरळ करून पॉवर सुधारल्याची उदाहरणं आहेत. पॉवर चांगली असून फक्त गर्दीच्या वेळीच त्रास असेल तर त्यानं गल्लीत माणसं जास्त आणि पुढची लाईन बारीक ठेवलीय, हे फोनवर कधी कबूल करणार नाहीत, एकदा रिस्टार्ट करून बघा साहेब एवढंच म्हणतील.

तिसऱ्या तुकड्यात आपल्या हातात काहीच नसतं, फक्त हे लक्षात ठेवा की अंतर म्हणजे वेळ. काचेतनं प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, मुंबई इथनं पावणेचारशे किलोमीटर, जाऊन-येऊन नुसता प्रवास चारेक मिलिसेकंदाचा, मधली यंत्रं धरून थोडा जास्त. सिंगापूर मुंबईपासनं सरळ रेषेतच ३९०० किलोमीटर आहे, तिथं चाळीस मिलिसेकंद प्रकाशच खातो, समुद्रातली केबल कुठं सरळ असते. म्हणून इथं न मिळणारी सर्व्हिस व्हीपीएन लावून बाहेरच्या देशातनं खेळणाऱ्यांनी लॅगची तक्रार करू नये. नुसता व्हीपीएन चालू राहिलाय का हेही बघा, कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या कामाला लावलेला असतो आणि विसरलेला असतो.

प्लेस्टेशन पोर्टल, म्हणजे सोनीचं हातातलं मशीन, असलेल्यांचं वेगळं आहे. पोर्टलवर क्लाउड स्ट्रीमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर आलं खरं, पण त्याला पीएस प्लसचा प्रीमियम लागतो आणि भारतात डीलक्स मिळतो ज्यात क्लाउड नाही. म्हणजे इथला पोर्टल तुमच्याच घरातल्या पीएस५ वरनं रिमोट प्ले करतो. इथं सगळ्यात मोठी चूक कुठली दिसते तर पीएस५ पण वायफायवर आणि पोर्टल पण वायफायवर. तोच व्हिडिओ पीएस५ पासनं राउटरला आणि राउटरपासनं पोर्टलला, एकाच हवेतनं दोनदा उडतो. पीएस५ ला लॅन केबल लावा, निम्मी गर्दी गेली. पोर्टलला लॅन नाही आणि ब्लूटूथही नाही, त्यामुळं वरचा इअरबडचा मुद्दा त्याला लागू नाही. गावाकडनं किंवा हॉस्टेलवरनं घरचा पीएस५ लागतच नसेल तर राउटरच्या पानावर वॅनचा आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा नंबर, बघा, १०० नं सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात, म्हणजे बऱ्याच गिऱ्हाइकांत मिळून एकच पब्लिक आयपी, बाहेरनं आत यायला स्वतःचा दरवाजाच नाही. केबलवाल्याकडं पब्लिक आयपी मागा, बरेच जण थोडे पैसे घेऊन देतात.

काही गोष्टी दोष नसतातच पण तशा वाटतात. बरोबर एका तासाला स्ट्रीम बंद होतो म्हणून एक जण राउटर बदलायला निघालेला, अरे जीफोर्स नाऊच्या फुकट मेंबरशिपला एका बैठकीला १ तासच मिळतो. डेकवर दुसऱ्या गेमसाठी बॅटरी वाचवायला स्क्रीन ४० हर्ट्झवर बांधलेली असते आणि त्यावर ६० फ्रेमचा स्ट्रीम आला की सारखा हिसका बसतो, पिंग चांगला असूनही, तीन ठिपक्यांचं बटन दाबून ती मर्यादा काढा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळणार असाल तर हिशोब करा, १५ एमबीपीएसनं तासाला पावणेसात जीबी जातात, रोजचा २ जीबीचा पॅक अठरा मिनिटांत साफ.

लाईटचंही सांगतो कारण पावसाळ्यात हे फार होतं. लाईट जाऊन इन्व्हर्टर येईपर्यंतच्या त्या क्षणात राउटर रिस्टार्ट होतो आणि दोन मिनिटं गेली. राउटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो तो लावा, फक्त व्होल्ट आपल्या ॲडॉप्टरएवढेच आहेत ना ते बघून घ्या. पण गल्लीच्या खांबावर केबलवाल्याचा वीज लागणारा स्विच असेल आणि त्याला बॅकअप नसेल तर तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य, डबा चालू आणि नेट बंद. शेजारच्या गल्लीत लाईट असून तुमचं नेट जातंय का यावरनं ते कळतं.

केबलवाल्याला फोन करणारच असाल तर नेट स्लो आहे असं म्हणू नका, तो स्पीड टेस्ट मारून दाखवतो आणि जातो. त्याला व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवा, लॅन केबलवर असताना राउटरचा पिंग, त्याच वेळचा ८.८.८.८ चा पिंग आणि ऑप्टिकल पॉवरचं पान, तिन्हीवर वेळ दिसली पाहिजे. आणि लिहा की रोज नऊ ते अकरा असं होतंय, तुमच्या बाजूनं लाईन तपासा. त्याच गल्लीत त्याच केबलवाल्याचं कनेक्शन असलेला एखादा मित्र असेल तर त्यालाही त्याच वेळी पिंग मारायला सांगा. दोघांकडं सारखंच दिसलं आणि आठवडाभरात काही हललं नाही तर दुसऱ्या कंपनीचं फायबर त्या गल्लीत कुणाकडं आहे ते विचारा, त्याच्या घरी रात्री साडेनऊला हँडहेल्ड घेऊन जा आणि अर्धा तास खेळून बघा, मगच पैसे भरा. सहा महिन्यांचे एकदम भरू नका, पहिला एकच महिना.